ओटीपी कोणालाही सांगितलेला नसताना वडिलांच्या खात्यातून पैसे गेले. उद्या बँकेत काय करावे?

प्रश्न : कृष्णाकाठ (गुरुवार, रात्री ९.४०)

सप्रेम नमस्कार. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, तासगाव तालुक्यात राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सॲपवर त्यांच्याच भजनी मंडळातील एका गृहस्थांच्या क्रमांकावरून ‘आरटीओ ई-चलान’ नावाची एक फाईल आली. गेल्याच आठवड्यात अण्णा स्कूटर घेऊन सांगलीला गेले होते, त्यामुळे सिग्नल चुकला असेल असे त्यांना वाटले आणि त्यांनी ती फाईल उघडली. फोनने दोन-तीन परवानग्या मागितल्या, त्या त्यांनी दिल्या. पुढे काहीच घडले नाही, म्हणून रोजच्याप्रमाणे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून ते झोपले.

मंगळवारी पहाटे सहाला त्यांनी पाहिले, तेव्हा खात्यातून २४,९९९, २४,९९९ आणि १८,५०० रुपये असे तीन वेळा मिळून ६८,४९८ रुपये गेलेले होते. मन सुन्न करणारी गोष्ट अशी, की ओटीपीचे तिन्ही संदेश पेटीत होते, वेळ रात्री दोन वाजून अकरा मिनिटांपासून पुढची होती, आणि ते ‘वाचलेले’ दिसत होते. त्या वेळी घरात कोणीही जागे नव्हते. अण्णांनी ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते.

लाजेपोटी त्यांनी दोन दिवस कोणालाच काही सांगितले नाही. आज दुपारी आईने मला कळवले, तेव्हा मी पुण्याहूनच कार्ड बंद करून घेतले आणि शाखेत फोन केला. पलीकडून उत्तर आले, की ओटीपी दिल्याशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे चूक तुमचीच आहे. अण्णा तेव्हापासून जेवलेले नाहीत. घरात दुसरी एक शंकाही बोलली जाते आहे : रविवारी एसटी स्थानकावर एका अनोळखी माणसाच्या चार्जरवर त्यांनी फोन लावला होता, त्यातून तर हे झाले नसेल ना? पैसे परत मिळण्याची काही शक्यता आहे का, आणि या फोनचे आता काय करायचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : संगणकवाला

बाकीचे नंतर वाचा. हे वाचताक्षणी १९३० हा क्रमांक लावा. सायबर आर्थिक गुन्ह्यांची ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. तिन्ही व्यवहारांची वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि ज्या दुकानाचे अथवा संकेतस्थळाचे नाव संदेशात आले आहे ते समोर ठेवा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की गृह मंत्रालयाच्या ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवर उरलेली माहिती भरून तक्रार पूर्ण करा. पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तिथे ते पुढे हलण्याआधी रोखून धरणे, एवढ्यासाठीच ही व्यवस्था आहे, त्यामुळे इथे दोन दिवस गेले ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. तरीही तक्रार व्यर्थ जात नाही.

आता अण्णांच्या शपथेविषयी. ते खरे बोलत आहेत. ओटीपी त्यांनी सांगितला नाही, तो त्यांच्या फोनने सांगितला. ज्या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते ती कागदपत्र किंवा चित्र नसते, ते अख्खे ॲप असते. पहिली परवानगी त्यांनी व्हॉट्सॲपमधून आलेले ॲप फोनवर चढवण्याची दिली आणि दुसरी बहुधा एसएमएस वाचण्याची. त्यानंतर असे ॲप पुष्कळदा स्वतःचे चिन्ह पडद्यावरून लपवते आणि येणारा प्रत्येक संदेश मागच्या मागे चोराकडे पाठवत राहते. भजनी मंडळातील ते गृहस्थ चोर नव्हेत. त्यांचाही फोन असाच ताब्यात गेलेला असणार आणि तेथून ती फाईल त्यांच्या सगळ्या ओळखीच्यांना गेली असणार. त्यांना आजच कळवा, म्हणजे साखळी तिथे तरी तुटेल.

एक प्रश्न मात्र उरतो. नुसत्या ओटीपीवर कार्डाचा व्यवहार होत नाही. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे लागतात. ते चोराला कोठून मिळाले, हे अण्णांना शांतपणे आणि न रागावता विचारा. चार्जरची शंका मात्र मनातून काढून टाका. घटनाक्रम इतका स्पष्ट असताना दोष बिचाऱ्या एसटी स्थानकावर जायला नको.

कृष्णाकाठ (रात्री १०.५५)

१९३० वर तक्रार नोंदवली आणि क्रमांक मिळाला. अण्णांशी बोलले. त्या ॲपने चलान पाहण्यासाठी आधी एक रुपया भरायला सांगितले होते आणि त्या पानावर त्यांनी एटीएम कार्डावरचे सगळे आकडे भरले होते. एक रुपया काही कापला गेला नाही, म्हणून त्यांना ती गोष्ट सांगण्यासारखी वाटलीच नाही. आता हे बँकेला सांगावे की सांगू नये?

उत्तर : निवृत्त रोखपाल

सांगावे, आणि लेखी सांगावे. मी छत्तीस वर्षे बँकेत काढली आहेत. अर्धवट सांगितलेली तक्रार पुढे उघडी पडली, तर खऱ्या भागावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आपल्याला ठाऊक असायला हवे. ग्राहकाने परवानगी न दिलेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारात तोटा कोणी सोसायचा, हे त्यात ठरवून दिले आहे. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणात, बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले तर त्याच्यावर काहीही बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर बोजा मर्यादित राहतो. साध्या बचत खात्याला ही मर्यादा १०,००० रुपयांची आहे. संदेश ज्या दिवशी मिळाला तो दिवस मोजायचा नसतो. आपल्या प्रकरणात संदेश मंगळवारी आले, म्हणून बुधवार पहिला, गुरुवार दुसरा आणि उद्याचा शुक्रवार तिसरा. उद्या शाखा बंद होण्यापूर्वी लेखी अर्ज गेलाच पाहिजे, आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख, वेळ आणि सही घेतलीच पाहिजे. आज आपण फोनवर बोललात, त्याचा कागदोपत्री पुरावा आपल्या हाती नाही.

दुसरी बाजूही सांगतो, कारण खोटी आशा लावणे मला पटत नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे तोटा झाला असेल, तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा, असेही तेच परिपत्रक म्हणते. कार्डाचे आकडे स्वतः भरले, याच मुद्द्यावर बँक बोट ठेवणार. पण ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकले आहे, ग्राहकावर नाही. म्हणून ‘ओटीपीशिवाय व्यवहार होत नाही’ हे तोंडी वाक्य म्हणजे निर्णय नव्हे. अर्जात स्पष्ट लिहा, की ओटीपी कोणाला सांगितलेला नाही, फोनवर दुष्ट हेतूचे ॲप चढले होते, व्यवहार मध्यरात्री काही मिनिटांत लागोपाठ झाले, आणि असे व्यवहार या खात्यावर पूर्वी कधीही झालेले नाहीत. मागच्या वर्षभराचा खातेउतारा जोडा. अण्णा महिन्यातून दोनदा पैसे काढतात आणि वीजबिल भरतात, एवढेच त्यात दिसणार असेल, तर तो उतारा आपल्या बाजूने बोलेल.

व्यवहार कार्डावरून एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावर झालेले दिसतात. म्हणून कार्ड विभागाकडे ‘चार्जबॅक’ची, म्हणजे कार्डाने गेलेली रक्कम दुकानदाराकडून परत वळवण्याची, मागणीही त्याच अर्जात करा, आणि संदेशात ज्या संकेतस्थळाचे नाव आहे त्याच्या ग्राहक सेवेला १९३० चा तक्रार क्रमांक देऊन कळवा. वस्तू किंवा भेटकार्ड अजून वापरले गेले नसेल, तर तेथेही रक्कम अडवता येते.

शाखेत अण्णांना एकटे पाठवू नका. मी काउंटरच्या आतल्या बाजूने अशी माणसे पाहिली आहेत. पासबुक दोन्ही हातांत धरून ती उभी राहतात, आणि समोरचा जरा चढ्या आवाजात बोलला की ‘राहू द्या साहेब’ म्हणून परत फिरतात.

उत्तर : मोबाईल दुरुस्ती, सातारा

माझे दुकान आहे आणि असे फोन आठवड्याला एखादा तरी येतो, म्हणून फोनपुरते सांगतो.

फोन आत्ताच विमान मोडवर टाका आणि वायफायही बंद ठेवा. सिमकार्ड काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे संदेश अण्णांना मिळत राहतील आणि ते ॲपला दिसणार नाहीत. फोन घाईने रिसेट करू नका, म्हणजे सगळे पुसून कोरा करू नका, कारण पुरावा त्यातच आहे. आलेली फाईल, तिचे नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि ओटीपीचे तिन्ही संदेश यांची दुसऱ्या फोनने छायाचित्रे काढा, आणि सायबर पोलिसांना फोन पाहायचा आहे का ते आधी विचारा. साध्या फोनवरून ##००२# लावून घ्या, त्याने सगळे कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. काही ओटीपी संदेशाऐवजी फोन करून सांगितले जातात आणि ते वळवून घेण्याची युक्ती चोरांना माहीत आहे. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बदला. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून जे ओळखीचे नाही ते काढून टाका, आणि त्यासाठी थोडा वेळ नेट चालू करावे लागले तरी सिम बाहेरच ठेवा. हे सगळे झाल्यावर फॅक्टरी रिसेट करा आणि नंतर फक्त फोटो व संपर्क परत घ्या. ॲप मात्र एकेक करून प्ले स्टोअरवरूनच नव्याने घ्या, जुन्या बॅकअपमधून नको.

फोन परत हाती देण्यापूर्वी एक काम अवश्य करा. सेटिंगमध्ये ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल करणे’ असा भाग असतो, तिथे व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाईल्स या तिघांसमोरची परवानगी बंद करा. माझ्या दुकानात ज्येष्ठ माणसाचा फोन आला की मी ही गोष्ट न मागता करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवण्याची किंवा त्यांची मर्यादा कमी करण्याची सोय असते. अण्णा कार्ड केवळ एटीएमवर वापरत असतील, तर ऑनलाइनची कळ बंदच असू द्या.

चार्जरबद्दल आपण विचारले होते. पडदा कुलूपबंद असताना नुसत्या केबलने फोनमधून ओटीपी जात नाही. आजचे अँड्रॉइड फोन केबल लावल्यावर फक्त चार्जिंग घेतात आणि माहिती द्यायची असल्यास पडद्यावर विचारतात. तसे विचारले तर नकार द्यावा, एवढेच. दुसऱ्याच्या चार्जरचा खरा धोका वेगळा आहे. हलक्या ॲडॅप्टरमधून येणारा वीजपुरवठा अस्थिर असतो, त्यामुळे चार्जिंगला लावलेल्या फोनचा पडदा आपोआप दाबला जातो, बोट एकीकडे ठेवले तर भलतीकडेच काही उघडते, आणि बॅटरीही लवकर फुगते. ॲडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा, आणि तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा आहे का तेही तपासा. छापलेले चिन्ह खोटेही असू शकते, म्हणून हे दुसरे पाऊल मी महत्त्वाचे मानतो.

उत्तर : संगणकवाला

चलानाविषयी थोडे राहिले. सरकारी चलान कधीही व्हॉट्सॲपवर ॲपच्या रूपात येत नाही. शंका आली तर आलेल्या दुव्यावर न जाता ‘महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन’ हा पत्ता स्वतः टाइप करावा आणि गाडीचा क्रमांक घालून पाहावे. पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’ पुढच्या दोन रेघा सोडून, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ येण्यापूर्वी जे शेवटचे शब्द असतील तेच खरे घर. ‘जीओव्ही डॉट इन’ मध्येच कुठेतरी असून त्यापुढे आणखी नाव असेल, तर तो पत्ता सरकारचा नव्हे.

आपण सगळे घरातल्या मोठ्यांना एकच वाक्य शिकवतो, की ओटीपी कोणाला सांगू नका. अण्णांनी ते अक्षरशः पाळले आणि तरीही लुबाडले गेले. म्हणून त्यांना या पुढचे वाक्यही द्यायला हवे : व्हॉट्सॲपवरून आलेली कोणतीही गोष्ट फोनवर चढवायची नाही, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. लग्नपत्रिका, वीज तोडण्याची नोटीस, पीएम किसानची यादी, बँकेचे केवायसी अशा सगळ्या नावांनी याच फाईली फिरत आहेत.

कृष्णाकाठ (शुक्रवार, सायंकाळी ६.२०)

आज पहाटेच्या गाडीने गावी आले. अर्ज दोन प्रतींत दिला, एक रुपयाची गोष्टही त्यात लिहिली, आणि शिक्का, तारीख, वेळ घेतली. अधिकारी आधी टाळत होते, पण परिपत्रकाची तारीख सांगितल्यावर त्यांनी अर्ज स्वीकारला. १८,५०० रुपयांचा शेवटचा व्यवहार खरेदीच्या संकेतस्थळाने थांबवून ठेवल्याचे उत्तर आले आहे. बाकी दोन रकमांचे अजून काही समजलेले नाही. भजनी मंडळातील काकांच्या फोनमध्येही तेच ॲप निघाले आणि त्यांच्याकडून आणखी अकरा जणांना फाईल गेली होती, त्या सर्वांना अण्णांनी स्वतः फोन करून सांगितले. आता बँकेच्या उत्तराची किती दिवस वाट पाहायची?

उत्तर : निवृत्त रोखपाल

कळवल्यापासून दहा कामाच्या दिवसांत वादातील रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हावी आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली निघावी, असे तेच परिपत्रक सांगते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

या काळात ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारे फोन येऊ शकतात. कोणी शुल्क मागितले, खात्याचा तपशील विचारला किंवा पुन्हा एखादे ॲप घ्यायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा आणि तो क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरील ‘चक्षु’ या संशयास्पद फोन कळवण्याच्या सोयीत नोंदवावा. बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. साध्या दहा आकडी मोबाईलवरून ‘बँकेतून बोलतोय’ असे कोणी म्हणाले, तर अण्णांनी काहीही न बोलता शाखेत जाऊन विचारावे. अर्जाच्या शिक्का मारलेल्या प्रतीची एक छायाप्रत त्यांच्या पासबुकातच ठेवा, म्हणजे तेव्हा ती हाताशी असेल.