ग्राफिक्स कार्ड लावलंय, पण कॉम्प्युटरला दिसतच नाही : तुमचे अनुभव

रानवाट

माळ्यावरच्या खोक्यात दादाचं जुनं एजीपी कार्ड सापडलं, त्या चंदेरी पिशवीत जपून ठेवलेलं. नव्या मंडळींसाठी सांगते, एजीपी हा १९९७ च्या सुमाराचा स्लॉट (मदरबोर्डवरची कार्ड बसवायची खाच), फक्त ग्राफिक्स कार्डासाठी असायचा. २००३ नंतर पीसीआय एक्स्प्रेस हा नवा स्लॉट रुळला आणि एजीपी हळूहळू गेला.

हे कार्ड एकदा अचानक दिसेनासं झालं होतं. ज्याने त्याने "कार्ड गेलं, नवीन घ्या" म्हणून हात झटकले. दादाला ते पटेना. त्याने कार्ड मित्राच्या मशीनला लावून बघितलं, तर ठणठणीत! परत आमच्याकडे आणलं की गायब. शेवटी बॅटरी मारून निरखताना लक्षात आलं की कॅबिनेटची मागची पट्टी किंचित वाकडी आहे. स्क्रू आवळला की कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून केसभर वर उचललं जायचं. स्क्रू ढिला ठेवला की डिस्प्ले येतो, आवळला की जातो. पट्टी सरळ केली आणि कार्ड पुढे कितीतरी वर्षं चाललं.

माझं ठाम मत आहे, "कार्ड गेलं" हे वाक्य सगळ्यात शेवटी बोलावं. आधी कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये, दुसरं कार्ड आपल्या मशीनमध्ये, एवढं तरी करून बघावं. तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा. लहान-मोठं सगळं चालेल.

झुळूक

केबल! मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते आधी बघा. भाच्याने नवीन मशीन जोडलं, रडकुंडीला येऊन फोन. एचडीएमआय मदरबोर्डच्या पोर्टला, कार्ड बिचारं खाली रिकामं. कार्ड लावलं की बरेच बोर्ड ऑनबोर्ड डिस्प्ले (मदरबोर्डच्या पोर्टातून येणारं चित्र) आपोआप बंद करतात, त्यामुळे स्क्रीन काळी. त्यात इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्सच नसतं, मग वरचे पोर्ट नुसते शोभेचे.

चौकट

पॉवरचं कुणी लिहायच्या आत मी लिहितो, कारण मी दुरुस्तीच्या कामात आहे आणि हे रोज बघतो.

पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनी जोडणीतून आणखी ७५, आठ पिनीतून १५०. दोन जोडण्या असलेल्या कार्डाला एकच लावली तर काही कार्डं पंखे फिरवतात, लाल दिवा लावतात, पण डिस्प्ले देत नाहीत. लोक म्हणतात "पंखा फिरतोय म्हणजे पॉवर येतेय". तसं नसतं. उलटही खरं, आजकालच्या बऱ्याच कार्डांचे पंखे गरम होईपर्यंत फिरतच नाहीत, त्यावरून कार्ड मेलं म्हणू नये.

दुसरं, एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) दोन प्रकारच्या आठ पिनी वायरी येतात. प्रोसेसरची चार अधिक चार, कार्डाची सहा अधिक दोन. दिसायला सारख्या, आतली जोडणी उलटी. खाचा वेगळ्या असतात म्हणून सहज बसत नाहीत, पण जोर लावणारे भेटतात.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा : मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणारा) एसएमपीएस बदलला की वायरीही त्याच्याच वापरायच्या. जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला बसतात, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीत मॉडेलगणिक वेगळी असते. यात चांगली कार्डं जळताना बघितली आहेत. एका मुलाने पैसे साठवून घेतलेलं कार्ड होतं, अजून आठवलं की वाईट वाटतं.

रानवाट

चौकट, अरेरे. त्या मुलाचं पुढे काय झालं?

चौकट

एसएमपीएस, बोर्ड वाचले. कार्ड नाही. तो आता स्वतःच मशीन जोडून देतो लोकांना, आणि वायरींवर चिकटपट्टी लावून नाव लिहितो.

सोनसळी

वाखु (वाचनखूण) साठवली. सविस्तर नंतर लिहिते, मशीनमधले कपडे काढायचेत.

दूरचा_डोंगर

लिनक्सवाल्यांसाठी. आधी टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय (lspci, जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) चालवा. त्या यादीत कार्डाचं नाव आलं तर स्लॉट, पॉवर बहुतेक ठीक आहेत, भांडण ड्रायव्हरशी (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशी) आहे. यादीतच नसेल तर ड्रायव्हर शंभर वेळा टाकून काही होणार नाही, कॅबिनेट उघडा. या एका गोष्टीने अर्धी वणवण वाचते.

आमच्या ऑफिसच्या एका मशीनवर यादीत कार्ड होतं, पण एनव्हिडियाचा ड्रायव्हर "डिव्हाइस सापडलं नाही" म्हणायचा. सिक्युअर बूट (डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू होतं आणि ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही नव्हती, त्यामुळे कर्नल (लिनक्सचा गाभा) ते आत घेतच नव्हता. सहीची की नोंदवली, रीस्टार्ट केलं, निळ्या स्क्रीनवर पासवर्ड देऊन मान्यता दिली, झालं.

कोवळं_ऊन

आमचं आत्ता या क्षणी चालू आहे हे! मदत करा. विंडोज सुरू होतं, पण सगळं भलंमोठं आणि धूसर दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" एवढंच. कालपर्यंत नीट होतं. रात्री अपडेट झाला. लेकीचं प्रोजेक्ट उद्या द्यायचंय.

झुळूक

घाबरू नका ताई. केबल कार्डालाच आहे ना?

कोवळं_ऊन

हो हो, कार्डालाच.

दूरचा_डोंगर

मग चांगली बातमी आहे. कार्डाच्या पोर्टातून चित्र येतंय म्हणजे कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हर उडालाय. लेकीचं प्रोजेक्ट आधी पेन ड्राइव्हवर घ्या. मग कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून ठेवा. त्यानंतर इंटरनेट काढा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या टूलने जुने अवशेष साफ करा, रीस्टार्ट, मग उतरवलेला ड्रायव्हर टाका.

चौकट

आणि पिवळ्या त्रिकोणाबरोबर कोड आला तर इथे सांगा. ४३ म्हणजे ड्रायव्हरने "या डिव्हाइसमध्ये गडबड आहे" असं कळवलं म्हणून विंडोजने ते थांबवलं. १२ म्हणजे कार्डाला पुरेशी जागा वाटून देता आली नाही, तिथे बायोसमधलं (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधलं) "अबव्ह फोर जी डिकोडिंग" चालू करून बघतात. ४५ म्हणजे पूर्वी जोडलेलं होतं, आत्ता जोडलेलं दिसत नाही. ४५ लपलेली डिव्हाइसेस दाखवा म्हटल्यावरच दिसतो.

पाणवठा

मी रायझर केबलने (कार्ड आणि स्लॉट यांच्यामधल्या जोडकेबलने) पोळलेली आहे. काचेच्या कॅबिनेटमध्ये कार्ड उभं लावायची हौस नवऱ्याची. दिसायला सुंदर! पण डिस्प्ले कधी यायचा, कधी नाही. कार्ड बदलून बघ, रॅम काढून पुसून लाव, सगळं झालं. रायझर होता पीसीआय एक्स्प्रेस तिसऱ्या पिढीचा, कार्ड आणि बोर्ड चौथ्या पिढीचे. दोघं आपसात चौथ्या पिढीच्या वेगाने बोलायला जायचे आणि मधली केबल ते पेलायची नाही. बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग "ऑटो" ऐवजी "जेन थ्री" केला, आजतागायत त्रास नाही. पण अडचण अशी की बायोसमध्ये जायला डिस्प्ले लागतो! रायझर काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावलं, सेटिंग बदललं, मग परत रायझर. बाळ उठलं, उरलेलं

पाणवठा

आले. हां तर उरलेलं एवढंच की नवरा म्हणतो आता नवीन रायझर घेऊ. मी म्हटलं चालतंय ना, हात लावू नकोस.

झुळूक

चालत्या मशीनला हात न लावणं हा फार मोठा गुण आहे, तो घरात एकाकडे तरी असावा :)

मधली_सुट्टी

कुणी कार्ड भट्टीत तापवायचं सुचवेल म्हणून आधीच कळकळीने लिहितो. नका करू. एकेकाळी ही युक्ती फार पसरली होती. चिपखालचे जोड तात्पुरते जमतात, थोड्या दिवसांनी कार्ड परत मरतं, आणि तापवताना प्लॅस्टिक-रसायनांचा धूर निघतो. घरातल्या भट्टीत तर मुळीच नको. बीजीएचं (चिपखालच्या जोडांचं) काम करणाऱ्याकडे न्या, तो खरं काय ते सांगेल.

सोनसळी

कपडे झाले. आमची हकिगत प्रोसेसरच्या सॉकेटची आहे.

भावाने वापरलेला बोर्ड घेतला होता. बाकी सगळं चालायचं, ऑनबोर्ड डिस्प्ले, एसएसडी, सगळं. फक्त वरच्या मोठ्या स्लॉटमध्ये कुठलंही कार्ड लावलं तरी दिसायचं नाही. खालच्या स्लॉटमध्ये तेच कार्ड दिसायचं. आम्ही समजलो स्लॉट तुटलाय. दुरुस्तीवाल्या काकांनी स्लॉटकडे बघितलंसुद्धा नाही, थेट प्रोसेसर काढला आणि भिंग लावलं. सॉकेटमध्ये एक पिन वाकलेली. त्यांनी समजावलं की वरच्या स्लॉटच्या लेन (डेटाच्या वाटा) थेट प्रोसेसरमधून येतात, खालच्या बहुतेक वेळा चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या दुसऱ्या चिपमधून. म्हणून वरचा मेला, खालचा जिवंत. बारीक सुईने, श्वास रोखून त्यांनी ती पिन उभी केली. मी इतकी शांतपणे काम करणारी माणसं फार कमी पाहिली आहेत.

तेव्हापासून वापरलेला बोर्ड घेताना आम्ही आधी सॉकेटचा जवळून फोटो मागतो.

चौकट

काकांना नमस्कार सांगा. ताई, यातलाच सौम्य प्रकार म्हणजे कार्ड दिसतं, पण सोळाऐवजी आठ किंवा चारच लेनवर चालतं. जीपीयू-झी या टूलमध्ये "बस इंटरफेस" च्या ओळीत कळतं. काही बोर्डांत तशीच रचना असते, पण आधी सोळा होत्या आणि आता चार झाल्या तर कार्ड काढून सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर जपून, जोरात घासलं तर मुलामा जातो.

रानवाट

खोडरबर आमच्याकडे सर्रास चालायचा, रॅमला तर नक्कीच.

पिंपळपान

घड्याळाकडे कुणी बघत नाही. वडिलांचं मशीन रोज सकाळी तारीख मागे टाकायचं आणि बरोबर त्याच दिवसांत डिस्प्ले जायला लागला. दोन्हीचं मूळ एक. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलेला. बटण पूर्ण बंद केलं की बायोसचं सगळं सेटिंग पुसलं जायचं. त्यात सीएसएम (जुन्या कार्डांना चालवून घेणारी सोय) चालू करून ठेवलेलं, तेही जायचं. कार्ड जुनं होतं, २०१२ च्या आधीचं, त्याच्या बायोसमध्ये यूईएफआयला (बोर्डाच्या नव्या धर्तीच्या बायोसला) लागणारा भाग नव्हता, म्हणून सीएसएम गेलं की कार्ड मुकं. सेल बदलला, सीएसएम परत चालू केलं, वडील खूश. ते त्या कार्डावर अजून बुद्धिबळ खेळतात, त्यांना नवीन नको आहे.

मधली_सुट्टी

बुद्धिबळाला कार्ड कशाला लागतं? ऑनबोर्डवर मस्त चालेल की.

पिंपळपान

त्यांच्या प्रोसेसरला ऑनबोर्ड नाही. आणि ते कार्ड आईने घेऊन दिलेलं आहे.

मधली_सुट्टी

मग राहू दे. तेच बरोबर आहे.

झुळूक

पिंपळपान, वडिलांना माझा नमस्कार.

दूरचा_डोंगर

अवांतर, पण उपयोगी : रानवाट यांनी चंदेरी पिशवी लिहिली म्हणून. कार्ड त्यात ठेवायला उत्तम, पण पिशवीवर बोर्ड ठेवून मशीन चालू करू नका. बाहेरची बाजू थोडी वीजवाहक असू शकते. चाचणी घ्यायची तर पुठ्ठ्यावर. आणि कार्डाला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

कोवळं_ऊन

आलं आलं आलं!! डीडीयू केलं, ड्रायव्हर टाकला, स्क्रीन पहिल्यासारखी. लेक बसली सुद्धा कामाला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

रानवाट

वा! लेकीला शुभेच्छा.

निळी_शाई

उशिरा आलो. माझंही विचारतो. दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये जुनं कार्ड लावलंय, जादा मॉनिटरसाठी. महिन्यापूर्वीपर्यंत दिसायचं, आता नाही. दुसऱ्या मशीनमध्ये चालतं. एसएमपीएस भरपूर मोठा आहे.

चौकट

महिन्यापूर्वी मशीनमध्ये आणखी काय लावलं?

निळी_शाई

एक एम डॉट टू (थेट बोर्डावरच्या छोट्या खाचेत बसणारी) एसएसडी. पण ती नीट दिसतेय.

चौकट

बहुतेक तीच. अनेक बोर्डांत एम डॉट टू ची एखादी खाच आणि खालचा स्लॉट एकाच लेन वाटून घेतात. एकात काही लावलं की दुसरं बंद. मॅन्युअलमध्ये स्टोरेजच्या पानावर बारीक अक्षरात टीप असते.

निळी_शाई

मॅन्युअल नाही. बोर्डाचं मॉडेल कुठे मिळेल?

पाणवठा

बोर्डावरच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, बहुतेक स्लॉटांच्या आसपास. बॅटरी मारून बघा.

निळी_शाई

मिळालं. मॅन्युअलही उतरवलं. टीप आहे तशीच, दुसरी खाच वापरली तर खालचा स्लॉट बंद. तिसरी खाच मोकळी आहे, तिचा संबंध फक्त दोन साटा (डिस्क जोडायच्या) पोर्टांशी.

चौकट

त्या दोन पोर्टांना काही लावलंय का?

निळी_शाई

एकाला जुनी हार्ड डिस्क. ती पहिल्या पोर्टला हलवतो आणि एसएसडी तिसऱ्या खाचेत. रात्री मुलं झोपली की उघडतो.