मुलं दहावी होईपर्यंत समाजकार्याला कुलूप? कुणी ठरवलं?

मंजिरी_क (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या धाग्यावर गिरणगावकर यांनी जाता जाता एक प्रतिसाद टाकला होता. "पदरात लहान मुलं असताना मोर्चे-बैठका करणं म्हणजे पोरांच्या वाटणीचा वेळ पळवणं. मूल दहावी होऊ द्या, मग काय जग बदलायचंय ते बदला." त्यावर ढीगभर +1. तिथेच उत्तर दिलं असतं तर टेकडी राहिली असती बाजूला, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, दहावीपर्यंत थांबणार कोण? टेकडीवरून काढायचा बालभारती-पौड फाटा रस्ता आमच्या दहावीसाठी थांबणार आहे का? एप्रिल 2023 मध्ये वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, त्याच महिन्यात नदीकाठच्या झाडांसाठीही लोक रस्त्यावर आले. दोन्हीकडे पोरं कडेवर घेतलेले आईबाप होते. माझा मुलगा तेव्हा दुसरीत. थांबले असते तर मोर दाखवायला त्याला कुठे नेलं असतं, कात्रजच्या पिंजऱ्यात?

दुसरं म्हणजे, लहान मुलांच्या आईबापांनी अंग काढून घेतलं की गावकीत उरतात निवृत्त मंडळी. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण पुण्यात अंदाजपत्रकासाठी नागरिकांनी कामं सुचवायची सोय 2006 पासून आहे, आणि आमच्या भागातून दरवर्षी काय सुचवलं जातं? बाकडी! शाळेसमोर फुटपाथच्या मधोमध विजेची डीपी आहे, पोरं तिला वळसा घालून बसच्या चाकांजवळून जातात, हे कुणाच्या यादीत नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढे साडेतीन वर्षांहून जास्त प्रशासक. तेव्हा क्षेत्रीय कार्यालयात खेटे घातले ते आम्ही दोन-तीन आयांनी, ऑफिसला उशिरा येण्याचे निरोप टाकून.

आणि वेळ पळवणं म्हणाल, तर मुलगा बैठकीला माझ्यासोबत असतो. प्लास्टिकच्या खुर्चीचं टेबल करून गृहपाठ उरकतो आणि मग हरकतींच्या पाठकोऱ्या झेरॉक्सवर चित्रं काढत बसतो. घरी असता तर मोबाइल बघत असता.

उगाच_एक

आलो. बसलो. पॉपकॉर्न आणलेत.

गिरणगावकर

माझ्या नावानं धागा निघाला, धन्य झालो. आता ऐका.

18 जानेवारी 1982. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यात आमचे बाबा. नुसते संपावर नाही, गेट मीटिंगपासून गावाकडून धान्य गोळा करण्यापर्यंत सगळ्यात पुढे. मी चौथीत. आईनं खानावळ सुरू केली, दहा बाय बाराच्या खोलीत. सकाळचे डबे भरायला मी आणि बहीण. बाबा घरी यायचे, चप्पल काढेपर्यंत दारात कुणीतरी उभा. "दादा, जरा येता?" दादा जायचे. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही. बाबांनीही नाही.

ते गेले तेव्हा चाळीच्या जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येक जण सांगत होता, आमच्या पोराची फी दादांनी भरली. मला एवढंच विचारायचं होतं की मी कितवीत आहे हे दादांना कधी ठाऊक होतं का.

मंजिरीताई, तुमचा मुलगा पाठकोऱ्या कागदावर चित्रं काढतो हे तुम्हाला गोड वाटतं. त्याला काय वाटतं ते अजून वीस वर्षांनी विचारा.

नदीकाठ

गिरणगावकर, तुमच्या दुःखाबद्दल आदर राखून म्हणतो, एका घरावरून सगळ्यांना नियम लावू नका. शिवाय तुमचे बाबा पगारासाठी भांडत होते, म्हणजे घरासाठीच ना?

मृणालताई गोरे आठवा. 1958 मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. त्यानंतरचं गोरेगावचं पाणी, महागाईविरोधातले लाटणं मोर्चे, आणीबाणीत तुरुंग, 1977 ला लोकसभा. मुलगी दहावी होईपर्यंत त्या थांबल्या असत्या तर गोरेगावच्या बायका हंडे घेऊन उभ्याच राहिल्या असत्या. आणि जोतीराव-सावित्रीबाई? यशवंतला दत्तक घेतलं, डॉक्टर केलं. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांसाठी राबत होत्या तो दवाखाना यशवंतचाच.

जुना_वाडा

आले महात्मे! मराठीत कुठलाही धागा सात-आठ प्रतिसादांत फुले-कर्व्यांपर्यंत पोचतो, आपण तर चौथ्यातच पोचलो.

महर्षी कर्वे राहिलेच होते, तेही घ्या. अण्णा हिंगण्याचा आश्रम ते फर्ग्युसन कॉलेज अशी पायपीट करायचे, हे आपण शाळेपासून ऐकतो. मागे घर, मुलं आणि पैशांची ओढाताण कोण बघत होतं? बाया. तुमच्या प्रत्येक थोर माणसामागे स्वयंपाकघरात कुणीतरी उभं आहे आणि त्याचा पुतळा नाही. गिरणगावकरांनी स्वतःच लिहिलंय की आईनं खानावळ चालवली, पण सगळा राग आणि सगळा गहिवर बाबांच्या वाट्याला.

तेव्हा मंजिरीताईंना साधा प्रश्न. बैठक रात्री साडेआठला, मुलगा तुमच्यासोबत. मग पोळ्या कोण करतं?

मंजिरी_क

वाटच बघत होते. हा प्रश्न नदीकाठ यांना नाही विचारलात, ते पण बैठकीला असतात आणि त्यांना जुळ्या मुली आहेत. पोळ्या मावशी करतात. आठवड्यातून एकदा नवरा खिचडी लावतो. मावशींना भागातल्या दरापेक्षा जास्त देते, दिवाळीला साडी देते. समाधान?

नदीकाठ

माझी आई आहे घरी. म्हणजे, मुलींना आजी आवडतेच.

उगाच_एक

"म्हणजे" या शब्दावर प्रचंड भार आलाय. जपून.

जनवाडीची_पोर

बरेच दिवस नुसती वाचत होते, पण आता राहवत नाही.

मी गोखलेनगर-जनवाडीची. तुम्ही जी टेकडी वाचवता तिच्या पायथ्याची. पानशेतच्या पुरानंतर आजी-आजोबांना इथे जागा मिळाली. आजी धुणीभांडी करायची, आईनं तीच घरं पुढे चालवली.

1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, ठाऊक आहे कुणाला? मृणालताई सगळ्यांना पाठ आहेत. माझी आजी त्या संपात होती. आईनं पुढे संघटनेचं काम केलं, आम्ही तीन भावंडं असताना. तिची बैठक दुपारी दोन ते चार, कारण सकाळची घरं दीडला सुटतात आणि संध्याकाळची साडेचारला सुरू होतात. आम्ही शाळेतून परस्पर तिथे जायचो, सतरंजीवर. बाया शेंगदाणे सोलत, वाती वळत बोलायच्या, एखादी पोराला पाजत भाषण करायची. मागण्या काय, तर आठवड्याची पगारी सुट्टी, आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत, दिवाळीला एक पगार बोनस. साडी नव्हे हो ताई. पगार.

2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आई खूश. पण नोंदणीच्या अर्जाला मालकाचा दाखला लागतो. आईची पाच घरं, सही एकानं दिली. त्यातलं एक घर फार मोठ्या सामाजिक कार्यकर्त्याचं. ते म्हणाले, "कशाला कागदात अडकायचं, तू आमच्या घरातलीच आहेस." जेवायला मात्र वेगळं ताट होतं.

गिरणगावकर, माझ्या आईनं माझा वेळ पळवला असं मला कधी वाटलं नाही. पळवला असेल तर त्या पाच घरांनी.

सोसायटी_सेक्रेटरी

भावना समजल्या, पण दुसरी बाजूही असते. आमच्याकडे 64 फ्लॅट. मावशी न सांगता दांड्या मारतात, फोन बंद. महिन्याला दोन सुट्ट्या ठरलेल्या असताना वर चार हव्यात आणि बोनस हवा? आम्हीही नोकरदार आहोत, आमचीही मुलं लहान आहेत. मी स्वतः सोसायटीचं काम विनामोबदला करतो, पाण्याचा टँकर, लिफ्टचं ऑडिट, सभासदांच्या शिव्या. हे समाजकार्य नाही का? आमचं कौतुक कुणी करत नाही.

जनवाडीची_पोर

न सांगता दांडी का मारतात? सांगून मागितली की मिळत नाही म्हणून. तुमच्या ऑफिसात शनिवार-रविवार सुट्टी, वर आजारपणाची रजा वेगळी. ती घेताना तुम्ही दांडी म्हणता का?

सोसायटी_सेक्रेटरी

माझी तुलना कुणाशी करताय? मी टॅक्स भरतो.

जुना_वाडा

अरे देवा. हा माणूस मीठ घेतो तेव्हा जीएसटी भरत नाही आणि मावशी मात्र साबण घेताना भरते, ही काय भानगड आहे बुवा?

सोसायटी_सेक्रेटरी

मिठावर जीएसटी नाही. आधी माहिती घ्या, मग खवचटपणा करा.

जुना_वाडा

मिठाचं तुमचं. साबणाचं माझं.

मंजिरी_क

विषय कुठे चाललाय? धागा पालकांच्या सहभागाबद्दल होता. मी कुणाची सुट्टी अडवलेली नाही आणि ताटही वेगळं ठेवत नाही. मला त्या "मोठ्या कार्यकर्त्या"च्या रांगेत बसवू नका.

जनवाडीची_पोर

विषय कुठेही गेलेला नाही. माझी आई पण पालकच होती. की पालक म्हणजे फक्त टेकडीच्या मोर्चात पोर कडेवर घेतलेले?

आणि टेकडीचं निघालंच आहे तर, तुमच्या हरकतींवर आमच्या वस्तीतल्या किती सह्या आहेत? आमच्याकडे पण मोर ओरडतात ताई, पहाटे. झोप मोडते म्हणून शिव्या देतो, पण आमचेच आहेत.

बीडचा_मास्तर

तुमच्या पुण्याच्या भांडणात घुसतो, माफी असावी.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश आईबाप हवेत, आणि समितीत निम्म्या बाया. कागद फार सुंदर आहे. दसरा झाला की आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायको मिळून असते, त्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. समितीतले निम्मे पालक गुढीपाडवा होईपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. पोरं आजीकडे, काही हंगामी वसतिगृहात, काही बैलगाडीत बसून आईबापासोबत. बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसलो की मी, सरपंचाचा पुतण्या आणि शाळेची घंटा.

पण एक बाई आहे समितीवर. दिवसभर मोळ्या बांधून रात्री कोपीतून, म्हणजे फडावरच्या झोपडीतून, फोन करायची. नवऱ्याचा मोबाइल, रेंज तुटक. लेकीची चौकशी दोन वाक्यांत, आणि मग, "गुरुजी, टाकीला झाकण बसलं का?" उघड्या टाकीत पाल सापडली होती, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. मी माघपर्यंत "होईल, होईल" करत होतो. शेवटी तिनं तिकडूनच सरपंचाला फोन लावला, झाकण आलं.

गिरणगावकर साहेब, तिची पोरगी पाचवीत आहे. दहावीपर्यंत थांबा म्हणून हिला सांगायचं का?

गिरणगावकर

हिला नाही सांगणार. बस? झालं समाधान?

पण माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही. जनवाडीच्या ताई, तुमची आई तुम्हाला सतरंजीवर सोबत घेऊन बसायची. मास्तरांची ती बाई आधी लेकीची चौकशी करते. माझ्या बाबांनी एकदाही म्हटलं नाही, चल रे, गेट मीटिंगला. म्हटलं असतं तर गेलो असतो. मागे धावत गेलो असतो. तेव्हा "दहावीपर्यंत" हा शब्द मागे घेतो, बाकीचं तसंच ठेवतो.

आणि जुना_वाडा, आईबद्दल बोललात ते लागलं. ती अजून आहे, गावी असते. तिच्याबद्दल इथे नाही लिहिणार.

उगाच_एक

गिरणगावकरांनी शब्द मागे घेतला. प्रशासकांनी हा प्रतिसाद पिन करावा, पुन्हा दिसणार नाही.

नदीकाठ

एक कबूल करतो. आपल्या सगळ्या बैठका रात्री साडेआठला असतात, कारण पुरुषांना ऑफिसातून येऊन चहा घेऊन निघता येतं. ही वेळ कुणी ठरवली, कधी ठरवली, कुणाला आठवत नाही. आईला विचारलं, तुला त्रास होतो का? म्हणाली, "आता विचारतोस?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मंजिरी_क

ठीक आहे. बैठक वस्तीत घेऊ, मोठं मन करा आणि सतरंजी तुमच्याकडची द्या. दुपारी दोन ते चार मला जमणार नाही, मी ऑफिसात असते. रविवारी दुपारी चालेल?

आणि दाखल्याच्या अर्जाचा नमुना असेल तर मला पाठवा. मावशींची नोंदणी झाली आहे का, मला माहीत नाही. "बघू, विचारते" असं त्या म्हणाल्या होत्या एकदा, मी पुढे विचारलं नाही. यावर आता कुणी टाळ्या वाजवू नका.

जनवाडीची_पोर

टाळ्या नाहीत. अर्ज पाठवते. सहीसोबत तारीख घाला, नाहीतर परत पाठवतात.

जागा समाजमंदिरात मिळेल, सतरंजी आहे. रविवारचं मात्र आधी तुमच्या मावशींना विचारा. त्यांना रविवारी सुट्टी असेल तरच त्या येतील ना? तुमच्या 64 फ्लॅटवाल्या साहेबांकडच्या बायांनाही आणा.

सोसायटी_सेक्रेटरी

रविवारी सुट्टी कशी देणार? रविवारीच तर पाहुणे येतात.