मदत हवी आहे: मानेच्या हालचालीने कूलर-पंखा चालवायचा आहे

नमस्कार मंडळी,

विचारतोय मामांसाठी. मणक्याच्या दुखापतीनंतर त्यांचे हातपाय हलत नाहीत, मान मात्र चांगली वळते. बोलणंही स्वच्छ आहे, म्हणून दिवे, पंखा आणि कूलर स्मार्ट स्पीकरला जोडले. उन्हाळा लागला, कूलर सुरू झाला आणि स्पीकर बहिरा झाला! आपल्याकडचा लोखंडी कूलर कसा घरघरतो ते नागपूरकरांना सांगायला नको.

तोंडाजवळ माइक लावला तर आवाज पोचतो. पण मामी त्याच खोलीत झोपते आणि मामांचा शब्द कानावर आला की उठून बसते. पहाटे त्यांना पंप बंद करून नुसती हवा हवी असते, तेवढ्यासाठीही. "मले उठवत जा नं जी," ती म्हणते. मामांना नेमकं तेच नको आहे.

फोनच्या कॅमेऱ्याने भुवई उंचावून बटण दाबायची सोय अँड्रॉइड १२ पासून आहे, पण रात्री अंधारात कॅमेऱ्याला चेहरा दिसत नाही. मेटा क्वेस्ट ३ सारखा हेडसेट साधारण अर्धा किलोचा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तो उशीवर टेकलेल्या डोक्याला बांधायचा म्हणजे छळच.

आता डोक्याच्या कापडी पट्टीत हालचाल ओळखणारा एमपीयू-६०५० सेन्सर आणि ईएसपी-३२ हा छोटा वाय-फाय बोर्ड बसवायचा विचार आहे. घरातली उपकरणं चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर आधीच चालू आहे. या सेन्सरचं माप हळूहळू भरकटतं म्हणतात. रात्रभर भरवसा ठेवता येईल का? आणि झोपेत मान वळली तर कूलर बंद पडायचा, त्याचं काय? बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सामान घ्यायच्या आधी कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १
दादा, भरकटतो तो जायरो, म्हणजे चिपमधला फिरण्याचा वेग मोजणारा भाग. ताठ बसलेल्या माणसाने मान डावी-उजवी फिरवली तर गुरुत्वाकर्षणाची दिशा सेन्सरच्या लेखी बदलत नाही, म्हणून सगळी भिस्त जायरोवर येते. उताणं झोपून तीच मान वळवली की दिशा बदलते आणि त्याच चिपमधला गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा अ‍ॅक्सेलरोमीटर कोन थेट मोजतो. तो रात्रभर भरकटत नाही. दिवसा व्हीलचेअरवर असताना मात्र मान कानाकडे झुकवायची खूण ठेवा.

झोपेतल्या हालचालीसाठी एका खुणेवर काहीच चालू-बंद करू नका. आधी डावीकडे वळून क्षणभर थांबणं, मग उशीखालच्या बझरची बारीक टिक, आणि ठरलेल्या वेळात उजवीकडे वळलं तरच हुकूम. लिथियम बॅटरी डोक्यावर नको. पट्टीतून पातळ वायर काढून बोर्ड आणि बॅटरी पलंगाच्या कडेला ठेवा.

प्रतिसाद २
कूलरचा पंप आणि मोटर वेगवेगळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) घ्या. एकाच स्मार्ट प्लगवर दोन्ही असतील तर पहाटेची नुसती हवा मिळणार नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करा; ओल्या लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. लाइट जाऊन आल्यावर रिले कोणत्या स्थितीत येतो ती सेटिंगही बघून ठेवा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. पंप आणि मोटर सध्या एकाच प्लगवर आहेत, तेव्हा आधी तेच वेगळं करतो. एकच राहिलं: मामा बरेचदा कुशीवर असतात. तेव्हा कोनाचा शून्य कुठे धरायचा?