मांजराला पातळ औषध कसं पाजता? आपापले अनुभव सांगा

आमच्या बोक्याला डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचं पातळ औषध सुरू झालंय. डॉक्टरांनी मुद्दामच गोळी टाळली. ही गोळी कोरडी गिळली आणि अन्ननलिकेत अडकून राहिली, तर तिथे जखम होते आणि पुढे नळी आकसूही शकते. हे सगळं पटलं. पण दवाखान्यात टेबलावर मख्खासारखा बसून औषध पिणारा हाच प्राणी घरी बाटलीचं झाकण वाजलं की पलंगाखाली, तेही नेमका मधोमध, जिथे कुठल्याच बाजूने हात पोचत नाही.

कोणतं औषध आणि किती, हे मी विचारत नाहीये, ते डॉक्टर बघतील. घरात एकटं माणूस असताना तुम्ही प्रत्यक्षात कसं पाजता, ते लिहा. फसलेले प्रयोगही चालतील.

*

आमची म्हातारी भाटी बरीच वर्षं औषधांवर होती, त्यामुळे हात चांगलाच बसलाय. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, समोरून जायचं नाही. मांजर सुटायला बघतं ते मागे सरकून. म्हणून मी जमिनीवर गुडघे टेकून बसते आणि तिला माझ्या दोन मांड्यांच्या मध्ये घेते, तोंड बाहेरच्या बाजूला. मागे मीच असते, त्यामुळे तिला सरकायला जागा नाही. वजन अजिबात टाकायचं नाही, नुसता आडोसा.

डावा तळवा वरून डोक्यावर, अंगठा आणि बोटं दोन्ही गालफडांवर. सिरिंज अर्थातच बिनसुईची, आधीच भरून खिशात. तोंड उघडायची गरजच नाही. गोळीला जबडा उघडावा लागतो, पातळ औषधाला नाही. ओठाच्या कडेला, वरच्या सुळ्याच्या मागे दातांमध्ये थोडी फट असते. तिथून टोक आत सरकवायचं आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं. धार घशाच्या दिशेने मारायची नाही. थेंबभर सोडा, थांबा, तिने गिळलं की पुढचं. जिभेचं टोक बाहेर येऊन नाकावरून फिरलं की समजायचं, गेलं पोटात.

डोकं मात्र वर करायचं नाही. माणसांच्या बाळाला पाजताना आपण मान मागे करतो, तो हात इथेही आपोआप तसाच जातो. मान मागे गेली की औषध श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. नाक जमिनीला समांतर राहू द्या. ठसका लागला की लगेच हात काढायचा, तिला मान खाली घालू द्यायची. उरलेलं औषध शांत झाल्यावर.

*

टॉवेल. मोठा, जाड. गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळी, पुढचे दोन्ही पंजे आत. बाकी काही सुचवायचं नाही, माझ्या हातांवरचे ओरखडे बंद झाले एवढंच सांगतो.

*

टॉवेलवाल्यांशी भांडण नाही, पण आमच्याकडे उलटं झालं. दोनदा गुंडाळल्यावर तिसऱ्या वेळी टॉवेल कपाटातून निघाला की ती घर डोक्यावर घ्यायची. गुरगुरणं, फिस्कारणं, मग तिथेच शू. काही मांजरं गुंडाळल्यावर शांत होतात, काहींना कोंडल्यासारखं होतं. आपलं कुठल्या जातीचं ते पहिल्याच वेळी कळतं. तोच टॉवेल आधी काही दिवस तिच्या झोपायच्या जागी टाकून ठेवला तर म्हणे फरक पडतो. आम्ही करून पाहिलं नाही.

एक मात्र ठामपणे सांगेन. मानेचं कातडं पकडून उचलू नका. आई पिल्लांना तशीच नेते हे खरं, पण ती पिल्लं पहिल्या काही आठवड्यांची असतात. मोठं मांजर तसं धरलं की गप्प होतं ते भीतीने, आणि मांजरांचे बरेचसे डॉक्टर आता हे टाळायलाच सांगतात.

*

मला फेसाबद्दल लिहायचंय, कारण त्या रात्री आमची पार तंतरली होती. मेट्रोनिडाझोल दिल्यावर काही क्षणांत तोंडातून पांढरा फेस, लाळेच्या तारा, डोकं झटकणं, सगळं घरभर. आम्हाला वाटलं विषबाधा. डॉक्टरांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले, औषध कडू आहे. बास. मांजराला कडू चव लागली की लाळ अशीच सुटते. तोंड पुसा, पाणी किंवा थोडं ओलं खाणं द्या, थोड्या वेळात थांबतं. थांबलंच नाही, चेहरा सुजला किंवा श्वास जड झाला तर ती गोष्ट वेगळी, मग तडक दवाखाना.

त्यात गंमत अशी, की औषध गोड करून काही उपयोग नसतो. मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या ग्राहीचं (रिसेप्टरचं) एक जनुक त्यांच्यात निकामी आहे, हे 2005 मध्ये सापडलं. म्हणजे लहान मुलांच्या औषधात घालतात तो स्ट्रॉबेरीचा गोडवा मांजराच्या दृष्टीने नुसता विचित्र वास. मासळीच्या किंवा चिकनच्या स्वादात बनवून मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. आम्हाला एक औषध तसं मिळालं आणि निम्मा त्रास कमी झाला. दुसरं मिळालं नाही, त्याचा फेस आम्ही शेवटपर्यंत पुसला.

*

खाण्यात मिसळायचा सोपा मार्ग सगळे सांगतात. आमच्याकडे तो चालला, मग अचानक बंद पडला. मांजरीला कळलं की वाटीत काहीतरी आहे, आणि तिने ते खाणंच सोडलं. तिचं आवडतं खाणं होतं ते! औषध संपल्यावरही कित्येक दिवस वाटीला तोंड लावत नव्हती.

मांजराने खाणं सोडणं ही किरकोळ गोष्ट नाही. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर यकृतात चरबी साठायला लागते, आणि अंगाने जाड मांजरांना तो धोका जास्त. म्हणून आमच्या डॉक्टरांचा नियम असा: मिसळायचंच तर चमचाभर खाण्यात, भूक लागलेली असताना, आणि रोजच्या जेवणात नाही. तो चमचा चाटूनपुसून संपला की मग खरं जेवण. पूर्ण वाटीत मिसळलं आणि अर्धं उरलं, तर औषध किती पोटात गेलं हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय काही औषधं रिकाम्या पोटीच द्यायची असतात, ते आधी विचारून घ्या.

*

फार्मसिस्ट आहे, घरी दोन बोके. पाजण्यापेक्षा मोजण्याबद्दल बोलतो.

पातळ औषधांपैकी बरीच सस्पेन्शन असतात, तळाशी साका बसतो. न हलवता भरलं तर सुरुवातीला पाणचट आणि शेवटी कडक डोस जातो. फ्रिजमध्ये ठेवायचं औषध असेल तर भरलेली सिरिंज थोडा वेळ मुठीत धरा, गार औषध मांजराला आवडत नाही. गरम पाण्यात बुडवू नका.

चमचा विसरा. 1 मिलीची सिरिंज घ्या. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामक औषधासोबत येणाऱ्या सिरिंजवर मिलीऐवजी मांजराच्या वजनाचे किलो छापलेले असू शकतात, ती दुसऱ्या औषधाला वापरू नका. आणि हेच औषध कुत्र्यांसाठी 1.5 मिग्रॅ प्रति मिली या ताकदीत मिळतं, मांजरांसाठी 0.5. घरात दोन्ही प्राणी असतील तर बाटल्या वेगळ्या कप्प्यात. तिप्पट फरक आहे.

थुंकलं तर लगेच दुसरा डोस नको. किती गेलं, किती सांडलं हे अंदाजाने सांगून डॉक्टरांना विचारा.

आणि ताप आलाय म्हणून घरातलं पॅरासिटामॉलचं सिरप कधीही नाही, थेंबभरही नाही. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता जाते, आणि मांजर दगावतं. हे मी काउंटरवर इतक्यांना सांगितलंय की आता पाठ झालंय.

*

केसांच्या गोळ्यांसाठी लिक्विड पॅराफिन पाजा, असं आमच्या एका नातेवाइकांनी सुचवलं होतं. देण्याआधी विचारलं हे बरं झालं. त्याला चव नाही, वास नाही. त्यामुळे ते चुकीच्या नळीत उतरलं तरी ठसका लागेलच असं नाही, गुपचूप फुफ्फुसात जातं. सिरिंजने ते द्यायचंच नाही, असं सांगितलं गेलं. त्याऐवजी चाटायची पेस्ट दिली. पंजावर लावली की आपोआप चाटून टाकतो. कडू औषधाला ही युक्ती करू नका, तो पंजा झटकतो आणि औषध भिंतीवर.

*

आमच्या पिल्लाला एफआयपी झाला होता, म्हणजे मांजरांना कोरोना विषाणूमुळे होणारा एक जीवघेणा आजार. या आजाराचा ठरलेला कोर्स 84 दिवसांचा. एवढे दिवस जोरजबरदस्ती करून चालणार नव्हतं, कारण मग घरात आम्ही नुसते औषधवाले उरलो असतो.

म्हणून आम्ही क्रम बांधला. तीच वेळ, तीच चटई, आधी ट्यूबमधल्या पातळ खाऊचं एक बोट, मग औषध, लगेच पुन्हा खाऊ. सुरुवातीला तर रिकामी सिरिंज नुसती खाऊत बुडवून चाटायला द्यायचो, की ही वस्तू वाईट नाही. नंतर नंतर तो स्वतःच चटईवर येऊन बसायला लागला. खूश होऊन येत नव्हता हे उघड होतं, कान मागे पाडूनच यायचा. पण यायचा. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि पिल्लू वाढत असतं, म्हणून दर आठवड्याला वजन करून डॉक्टरांना कळवायचो. आज तो गलेलठ्ठ आहे आणि सिरिंज बघून अजूनही चटईकडे निघतो, खाऊच्या आशेने.

*

वरचं सगळं माणसाळलेल्या मांजरांचं झालं. आमच्याकडची रस्त्यावरून आणलेली, हात लावला तर रक्त काढणारी. तिच्या बाबतीत मी सरळ डॉक्टरांना सांगितलं, तोंडाने जमणार नाही. असं म्हणायला लोक का लाजतात कळत नाही. पर्याय असतात. सेफोव्हेसिन नावाचं एक अँटिबायोटिक इंजेक्शन आहे, एका टोचणीचा असर साधारण 14 दिवस राहतो. ते प्रत्येक संसर्गाला चालत नाही, पण तिला चाललं.

नंतर तिला थायरॉइडचं निघालं, तेव्हा मेथिमाझोलचं जेल मिळालं, कानाच्या आतल्या उघड्या कातडीवर चोळायचं. प्रत्येक औषध असं कातडीतून जात नाही, हे मात्र जातं. तोवर ती कानामागे खाजवू देण्याइतकी माझी झाली होती, त्याच बहाण्याने लावते. एका दिवशी डावा कान, दुसऱ्या दिवशी उजवा, आधीचा थर पुसून. हातमोजे घालूनच, नाहीतर औषध आपल्याच बोटांतून आत जातं.