सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने अवयव निकामी होण्याच्या) रक्ततपासणी पॅनलमध्ये एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड) हवा का?

गोदाकाठ: नाशिकच्या आयसीयूंमधून सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) रोज जातो, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (ऑक्सिजनच्या आक्रमक रेणूंनी पेशींना होणारी इजा) कुणी मोजत नाही. जंतू मारायला न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशी) जे सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचा असाच आक्रमक रेणू) सोडतात, त्यात आपल्याच पेशींच्या पडद्यातली मेदाम्लंही होरपळतात. त्याचा मागे उरलेला पुरावा म्हणजे एमडीए. थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालून उकळा, ५३२ नॅनोमीटरला गुलाबी रंग मोजा. स्वस्त आहे, मग का नको?

बेंचवरून: कारण तो गुलाबी रंग एकट्या एमडीएचा नसतो. बिलिरुबिन, साखर, इतर अल्डिहाइडही त्यात लुडबुड करतात, आणि सेप्सिसमध्ये कावीळ, हेमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) काय नवे? उकळतानाही नमुन्यातली मेदाम्लं ऑक्सिडाइझ होतात, म्हणून आधी बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घालायचं. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमधला प्लाझ्मा लगेच वेगळा करून उणे ८० अंशांत ठेवायचा. पेठ-सुरगाण्याहून ट्यूब दुचाकीच्या डिकीत घाट ओलांडून आली, तर तो आकडा पेशंटचा की प्रवासाचा?

गोदाकाठ: लॅक्टेटलाही (रक्ताभिसरण बिघडलं की रक्तात वाढणारा पदार्थ) हाच न्याय लावा मग.

बेंचवरून: लावतोच. फ्लोराइडची करडी ट्यूब, बर्फ, टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) आवळून ठेवायचा नाही. साध्या ट्यूबमध्ये पेशी ग्लुकोज खात राहतात आणि लॅक्टेट चढतं. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) मशीन बेडपाशी असेल तर हा प्रश्नच मिटतो.

रात्रपाळी: एमडीए वाढलं तर करणार काय, ते सांगा. लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर अडकलं तर फ्लुइड, प्रेसर (रक्तदाब चढवणारं औषध) पुन्हा तपासतात. प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूसंसर्गात रक्तात चढणारं प्रथिन) शिखरापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ नॅनोग्रॅमखाली आलं, की अँटिबायोटिक थांबवायचा विचार होतो. सुरू करताना मात्र त्याची वाट बघायची नाही. आणि एमडीएवर उतारा म्हणून अँटिऑक्सिडंट व्हिटॅमिन सी? सेप्सिसच्या पेशंटना व्हिटॅमिन सी देऊन बघितलेल्या २०२२ च्या लोव्हिट चाचणीत मृत्यू किंवा अवयव निकामीच राहणं सी घेतलेल्यांत ४४.५ टक्के, न घेतलेल्यांत ३८.५.

गोदाकाठ: तिथे एमडीए बघून पेशंट निवडले नव्हते, सर. सरसकट दिलं.

रात्रपाळी: निवडायला कटऑफ (ठरलेली सीमारेषा) लागतो. इथे किट बदललं की आकडा बदलतो.

गोदाकाठ: बरं, रोजच्या पॅनलचा हट्ट सोडला. पण प्रोकॅल्सिटोनिनचे गोडवेही आवरा. भाजलेल्यांत, मोठ्या ऑपरेशननंतर ते जंतूंशिवायही चढतं, किडनी बसलेल्यांत उतरायला वेळ घेतं. तिथे ८० टक्क्यांची वाट बघत मेरोपेनेमसारखं तगडं अँटिबायोटिक ओढत नेणार?

रात्रपाळी: नाही. तिथे पू निघालाय का, कल्चर काय म्हणतं आणि प्रेसर उतरतोय का, हे आधी.