जिप्सीला दोन इंच लिफ्ट (गाडीची उंची वाढवणारं किट) घरीच बसवायची आहे, सल्ला हवा

डोंगरवाट_८८
मंडळी, माझी जिप्सी २००७ ची. वेल्ह्याच्या पुढे आमचं थोडं शेत आहे. शेवटचे दोन किलोमीटर बैलगाडीची वाट. पावसाळा संपला की चाकोऱ्या इतक्या खोल झालेल्या असतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. गेल्या महिन्यात खाडकन आवाज आला. उतरून वाकून बघितलं तर मागच्या डिफच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या) फुगवट्यावर वीतभर ताजा ओरखडा.

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) तसेही बसलेत, गाडी डावीकडे झुकलेली दिसते. म्हटलं बदलायचेच आहेत तर दोन इंची किटच घ्यावं: पाटे, लांब शॉक-अब्सॉर्बर, पाट्याच्या टोकांचे रबरी बुश, पाटा ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट. गॅरेजवाल्याची मजुरी ऐकून घरीच करायचं ठरवलंय. अंगणात काँक्रीट आहे, ट्रॉली जॅक आहे, गोट्या-पान्यांचा सेट आहे आणि मेहुणा आहे. एका रविवारात होईल का? एक मित्र म्हणतो किट कशाला, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) टाक, स्वस्तात काम होतं.

पाटेवाला_कोल्हापूर
भावा, लांब शॅकलच्या नादाला लागू नको. दोन इंच लांब शॅकल घातला तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातंय. दुसरं म्हणजे जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतोय. तो लांबवला की ॲक्सल पुढं कलंडतो, कास्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा तिरपा कोन) कमी होतो आणि हायवेला स्टिअरिंग नुसतं पोहायला लागतंय. तुझे पाटे बसलेतच, मग नवीन घाल की सरळ.

आणि कुणी पाटा ॲक्सलच्या वर घ्यायला सांगितला तर हात जोड. कंपनीनं तो खाली दिलाय. वर घेतला तर पाचेक इंच उचलते खरी, पण मग स्टिअरिंगचे रॉड, ब्रेकचे पाइप, प्रोपेलर शाफ्ट, सगळंच बदलत बसायचं. शेतावर जायला एवढा उद्योग कशाला?

जुनाचालक
दोघांनीही मूळ दुखणं वाचलं नाही असं वाटतं. ओरखडा डिफवर आहे. जिप्सीचे दोन्ही ॲक्सल सलग, डिफ त्यांच्यातच. लिफ्ट केल्यावर चासी वर जाते, ॲक्सल तिथेच राहतो. पाटे दोन इंच उंच घाला नाहीतर दहा इंच, तो फुगवटा जमिनीपासून आज आहे तेवढाच राहणार. तो उचलायचा तर टायरच मोठा हवा.

हिशोब करा. २०५/७० आर १५ चा व्यास साधारण ६६८ मिमी, २१५/७५ आर १५ चा ७०३. फरक ३५, त्यातला निम्मा म्हणजे १७-१८ मिमी डिफखाली मिळतो. पाऊण इंचसुद्धा नाही. वर स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ला असेल.

डोंगरवाट_८८
काका, मग किटचे पैसे पाण्यात?

जुनाचालक
तसं नाही. चासी, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), सायलेन्सर वर जातात, बांधावरून उतरताना मागचं बंपर टेकत नाही, आणि मोठ्या टायरला कमानीत जागा होते. पण चाकोरीचं औषध वेगळं आहे: एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या गवतावर ठेवून चालवा. आमच्याकडे ट्रॅक्टर नसलेले सगळे तसंच जातात. नाहीतर दिवाळीनंतर दोन माणसं आणि कुदळ.

गंजलेला_नट
मी नाशिकला, बाबांच्या जिप्सीचे पाटे गेल्या वर्षी आम्ही दोघांनी घरी बदलले. एक रविवार विसरा दादा. आम्हाला तीन दिवस लागले, त्यातले दीड नुसते बोल्ट काढण्यात गेले. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारत जा. तरी एखादा बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतोच. नट निघतो, बोल्ट जागचा हलत नाही. हातोडा मारून वेळ घालवू नका, ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी कापा आणि नवीन बोल्ट आधीच आणून ठेवा.

गाडी उचलून चासीखाली घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, विटांवर तर नाहीच. आमच्या जॅकचं एक चाक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि गाडी चार बोटं सरकली. घोड्या होत्या म्हणून इतक्यावर भागलं. ट्रॉली जॅक ॲक्सलखाली राहू द्या, ॲक्सल वर-खाली करायला तोच लागतो. एका वेळी एकच बाजू सोडा. दोन्ही सोडल्या की ॲक्सल फिरतो आणि पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं भोकात बसवताना घाम निघतो.

सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्ही चुकलो. शॅकलचे आणि पाट्याच्या टोकांचे नट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. चाकं लावा, गाडी जमिनीवर आणा, बंपरवर उभं राहून चार-पाच वेळा दाबा, मग आवळा. आम्ही हवेतच आवळले होते. रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकले, गाडी दगडासारखी कडक झाली. बाबा म्हणाले, नवीन पाटे असेच असतात. दोन महिन्यांत बुश फाटले.

यू बोल्ट नवीनच घाला, चारही नट तिरके-तिरके थोडे थोडे आवळा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत पाना लावा. आमचे जवळजवळ अर्धा आटा फिरले.

पाटेवाला_कोल्हापूर
ताईंनी एक नंबर सांगितलं. ब्रेकचा रबरी पाइप तेवढा बघ. ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळू दे आणि चाक दोन्हीकडं वळवून बघ. पाइप ताणला तर लांब घालायचा, ओढून-ताणून भागवायचं नाही.

जुनाचालक
कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीपासून फारकत घेणारे बदल चालत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमावाले पहिल्यांदा हेच बघतील. मी स्वतः मूळ उंचीचे नवे पाटे घातले असते.

डोंगरवाट_८८
तीन आठवड्यांनी लिहितोय. काकांचं ऐकलं. किट रद्द केलं, कंपनीच्या मापाचे नवे पाटे, बुश आणि यू बोल्ट घातले. शॉक जुनेच ठेवलेत. बसलेले पाटे गेले तर डावी बाजू कमानीपाशी सव्वा इंच वर आली! टेपने दोनदा मोजलं. दोन रविवार आणि एक शनिवार लागला, मागचा उजवा बोल्ट कापावाच लागला, मेहुणा पहिल्या रविवारनंतर फिरकला नाही.

एकच अडचण आहे. गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग डावीकडे वाकडं दिसतं.

पाटेवाला_कोल्हापूर
पुढची उंची बदलली की होतंय तसं. स्टिअरिंग काढून फिरवून बसवू नको. ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंगकडून चाकाकडं जाणाऱ्या रॉडच्या) दोन्ही टोकांचे चेकनट (रॉड जागेवर धरणारे नट) सैल कर आणि मधला रॉड थोडा थोडा फिरव, दर वेळी चालवून बघ. एका टोकाला उलट्या आट्या असतात, तिथं नट उलटा सुटतो. जोर लावून आट्या मारू नको. आणि शंभर किलोमीटर झाले असतील तर यू बोल्टला पाना लावलास का?

डोंगरवाट_८८
ऐंशी झालेत. उद्या लावतो.