कर्करुग्णांच्या व्यायामवर्गाचे मूल्यमापन: दोन महिन्यांच्या संशोधन-इंटर्नशिपमध्ये नेमके काय मोजावे?

अंतिमवर्ष_फिजिओ यांचा प्रश्न

नमस्कार. मी पुण्यात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षात शिकते. या सुट्टीत मला दोन महिन्यांची संशोधन-इंटर्नशिप मिळाली असून, शहरातील एक स्वयंसेवी संस्था कर्करुग्णांसाठी चालवत असलेल्या व्यायामवर्गाचे मूल्यमापन करणे हे माझे काम आहे. हा वर्ग महापालिकेच्या एका उद्यानात आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसहाला भरतो. त्याला शुल्क नाही, आणि उपचार चालू असलेले व संपलेले असे दोन्ही प्रकारचे लोक येऊ शकतात. आधी हातपाय मोकळे करणे, मग जॉगिंग ट्रॅकवर चालणे, त्यानंतर रबरी पट्ट्या घेऊन थोडे ताकदीचे व्यायाम आणि शेवटी फाटकाबाहेरच्या टपरीवर सर्वांचा एकत्र चहा, असा क्रम असतो.

माझा आराखडा असा आहे: नव्याने येणाऱ्यांची पहिल्या आणि आठव्या आठवड्यात सहा मिनिटे चालण्याची चाचणी घ्यायची, थकव्यासाठी फॅसिट-एफ आणि जीवनमानासाठी क्यूएलक्यू-सी30 या प्रश्नावल्या मराठीतून भरून घ्यायच्या आणि आधीच्या व नंतरच्या गुणांची तुलना करायची. मार्गदर्शकांना हे मान्य आहे. संस्थेलाही देणगीदारांना दाखवण्यासाठी 'इतके टक्के सुधारणा' असा एखादा आकडा हवा आहे. मात्र माझ्याकडे नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी वर्गाला न येणाऱ्यांचा गट, नाही. शिवाय हजेरीपट चाळताना दिसले की नाव नोंदवलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच येणे बंद करतात. टिकून राहिलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष कितपत खरा मानावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सांधे_आणि_स्नायू

तुमची शंका रास्त आहे, पण मी एक पाऊल मागे जाऊन आराखड्याचा मूळ प्रश्नच बदला असे सुचवेन. मी मुंबईत कर्करुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करतो. व्यायामाने कर्करुग्णांचा थकवा कमी होतो का, हे तुमच्या उद्यानात सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञगटाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत, आठवड्यातून तीनदा प्रत्येकी 30 मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम किमान 8 ते 12 आठवडे केल्यास थकवा, चिंता, नैराश्याची लक्षणे आणि शारीरिक क्षमता यांत सुधारणा होते, हे पुराव्यांसह मांडलेले आहे. 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली चॅलेंज चाचणी तर त्याही पुढे गेली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व केमोथेरपी झालेल्या 889 रुग्णांची तिने दोन गटांत विभागणी केली. एका गटाला तीन वर्षांचा आखीव व्यायामकार्यक्रम दिला, तर दुसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहितीचे साहित्य. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्यायामगटात 80.3 टक्के आणि दुसऱ्या गटात 73.9 टक्के होते. त्या चाचणीची सुरुवात 2009 मध्ये झाली आणि तिला 55 केंद्रे लागली. दोन महिन्यांत, एका उद्यानात, तुलनेसाठी कोणी नसताना तुम्ही त्या पुराव्यात काय भर घालणार?

जे कोणालाच ठाऊक नाही ते वेगळे आहे: हा विशिष्ट वर्ग कोणापर्यंत पोचतो, कोण गळते, आणि वर्गात ठरवलेला व्यायाम प्रत्यक्षात होतो का. सार्वजनिक आरोग्यात यासाठी 1999 पासून री-एम ही चौकट वापरतात. तिच्यात परिणामाइतकेच महत्त्व पोच, अंमलबजावणी आणि सातत्य यांना आहे. घड्याळ लावून चार-सहा वर्गांचे निरीक्षण करा. तासाभरातली किती मिनिटे लोक खरोखर मध्यम तीव्रतेने चालतात? त्यासाठी उपकरण लागत नाही. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही कसोटी पुरते. रबरी पट्ट्यांकडेही लक्ष द्या. मी पाहिलेल्या बहुतेक वर्गांत पहिल्या दिवशी हातात आलेली पिवळी पट्टी, म्हणजे जवळपास सर्वांत हलकी, सहा महिन्यांनंतरही तीच असते. भार वाढवत नेला नाही तर त्याला ताकदीचा व्यायाम म्हणता येत नाही.

सुरक्षिततेची नोंद हाही मूल्यमापनाचाच भाग आहे. कोणाचा आजार हाडांत पसरला आहे, कोणाचे हिमोग्लोबिन घसरलेले आहे, हे वर्ग घेणाऱ्यांना वेळेवर कळते का? पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन ही केमोथेरपीची औषधे घेतलेल्यांच्या तळपायांना अनेकदा बधिरपणा येतो, आणि आपल्या उद्यानांतले पेव्हर ब्लॉक कसे असतात हे मी सांगायला नको. सहा मिनिटांच्या चाचणीला 30 मीटरचा सरळ सपाट पट्टा लागतो. वळणावळणाच्या ट्रॅकवर ती घेऊ नये. त्यापेक्षा 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ही चाचणी तुम्हाला सोयीची पडेल.

छेद_आणि_अंश

वरच्या प्रतिसादाशी सहमत. सांख्यिकीच्या बाजूने थोडी भर घालतो. केमोथेरपी नुकतीच संपलेली व्यक्ती पुढच्या दोन महिन्यांत व्यायाम न करताही बऱ्यापैकी सावरते. शिवाय माणूस वर्गाला येतो तो बहुधा थकवा असह्य झाल्यावर, त्यामुळे पहिली मोजणी त्याच्या सर्वांत वाईट काळातली ठरते आणि दुसरी आपोआपच बरी निघते. चालण्याच्या चाचणीत दुसऱ्या खेपेला केवळ सवयीनेही अंतर वाढते. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात, म्हणून 'सुधारणा' दिसणार हे आजच सांगता येते. जो निकाल आधीच ठाऊक आहे त्यासाठी इंटर्नशिप खर्ची घालू नये.

फॅसिट-एफमध्ये 13 विधाने असून गुण 0 ते 52 असतात, आणि गुण जितके जास्त तितका थकवा कमी. साधारण तीन-चार गुणांचा फरक रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. त्यावर 'अमुक टक्के सुधारणा' असे लिहिणे निरर्थक आहे. देणगीदाराला हे स्पष्ट सांगावे. प्रामाणिक आकडा हवाच असेल तर छेदस्थानी नाव नोंदवलेले सर्व जण घ्या आणि अंशस्थानी आठव्या आठवड्यातही येत असलेले. हा आकडा छोटा दिसेल, संस्थेला कदाचित रुचणारही नाही, पण पुढच्या वर्षी याच पद्धतीने पुन्हा काढून तुलना करता येईल असा तो असेल.

त्रेंटकाठ

मी ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमला राहते. 'फाइव्ह के युवर वे' हा कर्करुग्णांसाठीचा उपक्रम 2018 मध्ये याच शहरात सुरू झाला. कर्करोगतज्ज्ञ लूसी गॉसेज आणि मूव्ह या संस्थेच्या संस्थापक जेमा हिलियर-मोझेस यांनी तो उभा केला. ब्रिटनमध्ये दर शनिवारी सकाळी ठिकठिकाणच्या उद्यानांत पार्करन नावाची पाच किलोमीटरची विनाशुल्क दौड होते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिथेच कर्करुग्ण, त्यांचे कुटुंबीय आणि रुग्णालयातले कर्मचारी एकत्र जमतात. धावा, चाला, स्वयंसेवक म्हणून उभे राहा किंवा नुसत्या टाळ्या वाजवून नंतर कॉफीला या, सगळे चालते.

याचे मूल्यमापन करू पाहणाऱ्याला एक मोह हमखास पडतो. पार्करनमध्ये अंतिम रेषा ओलांडणाऱ्या प्रत्येकाची वेळ बारकोडवरून नोंदवली जाते, म्हणजे आकडे आयतेच मिळतात. पण त्या यादीत कर्करुग्ण कोण आणि सोबत आलेला भाऊ कोण हे कळत नाही, आणि जी बाई केवळ टाळ्या वाजवायला आली, पण केमोनंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली, ती तर यादीतच नसते. तुमच्या हजेरीपटाचेही तसेच आहे. आयता मिळतो म्हणून तोच मोजायचा, असे होऊ देऊ नका. इथे कॉफीच्या टेबलावर जे बोलले जाते त्यासाठीच अनेक जण परत येतात, आणि तुमच्याकडचा टपरीवरचा चहा तेच काम करत असणार. त्याविषयी मुलाखतींत जरूर विचारा.

निवृत्त_वाहक

मी एसटीतून निवृत्त झालेलो आहे. संशोधनातले मला कळत नाही, परंतु तुम्ही ज्यांना 'गळालेले' म्हणता त्यांपैकी मी एक आहे, अर्थात दुसऱ्या गावातल्या तशाच एका वर्गातून. माझी गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, मानेतल्या गाठी काढल्या आणि तेव्हापासून उजवा खांदा खाली पडला आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. वर्गात बहुतेक स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या भगिनी होत्या आणि व्यायामही त्यांना साजेसा होता. सर्वांचे हात वर गेले की माझा एकट्याचा अर्ध्यावर थांबायचा. शिकवणाऱ्या ताई प्रेमळ होत्या, "काका, जमेल तेवढेच करा" म्हणायच्या, पण जमेल तेवढे म्हणजे काय करायचे हे कोणी दाखवले नाही.

वर चहाविषयी लिहिले आहे म्हणून सांगतो. माझ्या खालच्या ओठाला एका बाजूने संवेदना नाही. चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो आणि ते मला कळत नाही, समोरच्याच्या नजरेवरून कळते. म्हणून मी हातात रुमाल धरूनच पितो, आणि घरीच पितो. व्यायाम संपताच मी घाईने निघायचो, मग लोकांना वाटले की यांना आपल्यात मिसळायचे नाही. पुढे जाणेच सोडले. फोन कोणी केला नाही. केला असता तर खरे कारण सांगितले असते की नाही, हेही सांगता येत नाही; बहुधा "वेळ जमत नाही" असेच म्हणालो असतो.

अंतिमवर्ष_फिजिओ

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी लगेच नोंदणीचे अर्ज काढून बसले. आमच्याकडेही पुरुष अगदी थोडे आहेत, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे जे काही आहेत त्यांतला आज एकही वर्गात नाही. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो हे आम्ही परीक्षेत लिहितो, पण वर्गाच्या रचनेशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता.

मार्गदर्शकांशी बोलून आराखडा बदलत आहे. गेल्या वर्षभरात नाव नोंदवलेल्या सर्वांची वय, लिंग, कर्करोगाचा प्रकार आणि उपचाराचा टप्पा यांनुसार वर्गवारी करून कोण किती आठवडे टिकले ते मांडायचे. काही वर्गांचे निरीक्षण करायचे. आणि येणाऱ्या व न येणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या थोड्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या. प्रश्नावल्यांपैकी फक्त फॅसिट-एफ ठेवते, तीही सुधारणा सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर येणारे लोक मुळात किती थकलेले असतात हे समजण्यासाठी. न येणाऱ्यांना मी थेट फोन करावा का?

सांधे_आणि_स्नायू

थेट करू नका. त्यांनी आपला क्रमांक व्यायामासाठी संस्थेला दिला होता, संशोधनासाठी तुम्हाला नाही. संस्थेच्या समन्वयकांनी आधी विचारावे आणि होकार देणाऱ्यांचेच क्रमांक तुमच्याकडे यावेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे सर्व संस्थात्मक नैतिकता समितीपुढे जायला हवे. जोखीम अत्यल्प असल्याने जलद पुनरावलोकनाची विनंती करता येईल, तरीही समितीच्या बैठकीची तारीख आजच विचारून ठेवा, कारण दोन महिन्यांतला मोठा भाग बऱ्याचदा त्या पत्राची वाट पाहण्यातच जातो. तोवर वर्गाचा परिसर, खुर्च्या, स्वच्छतागृह, बसथांब्यापासूनचे अंतर अशी रुग्णांशी थेट संबंध नसलेली पाहणी उरकून घ्या. स्वच्छतागृह साडेसहाला उघडे असते का, हे आवर्जून पाहा. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचे येणे-न येणे बऱ्याचदा तेवढ्यावर ठरते.

आणखी एक गोष्ट समन्वयकांना नीट समजावून सांगा. न येणाऱ्यांपैकी काहींचे निधन झालेले असेल आणि फोन घरातले कोणी उचलतील. "आपण वर्गाला का येत नाही?" या वाक्याने बोलणे कधीही सुरू होता कामा नये. संस्थेचे नाव सांगून "घरी सर्व कसे आहेत, हे विचारायला फोन केला" एवढेच आधी म्हणावे आणि पुढचे बोलणे त्या उत्तरावर सोडावे. निधन झालेल्यांची गणना 'वर्ग सोडलेले' या रकान्यात करू नका. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि टिकून राहिलेल्यांचे प्रमाण काढताना ते कसे धरले हे अहवालात स्पष्ट लिहा. मुलाखतीत काकांसारख्यांना "का सोडले" असे विचारण्याऐवजी "वर्गातली एखादी सकाळ सुरुवातीपासून सांगा" असे विचारा. वेळेची सबब तिथे टिकत नाही. हजेरीपटाची प्रत मात्र समितीचे पत्र हाती येईपर्यंत स्वतःच्या मोबाइलमध्ये घेऊ नका.